अप्पांच्या जिभेचा इतिहास

मागच्या डिसेंबरात अप्पांची शुगर तीनशेच्या पुढे निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि आम्ही दारातून बाहेर पडत असताना मागून म्हणाले, "आणि हो, चहातली साखर बंद." बाकी सगळं अप्पांनी ऐकलं. साखर बंद म्हटल्यावर मात्र त्यांनी चहाच बंद केला.

अप्पा एसटीत कंडक्टर होते, ३४ वर्षं. त्यातली बरीचशी कराड-चिपळूण रस्त्यावर गेली. पाटणला एक चहा, कोयनानगरला एक, घाट उतरल्यावर एक. मी बारावीत असताना ते पहाटेच्या गाडीला जाण्याआधी चार वाजता मला उठवायचे. उठवायचे म्हणजे हाक मारायचे नाहीत, टेबलावर कप ठेवायचे. त्या आवाजानं मला जाग यायची. मी पुण्यात नोकरीला लागल्यावरही सुट्टीत घरी गेले की दुपारी चारचा चहा आमचा दोघांचा. अप्पा मुळात कमी बोलतात, पण कप हातात असेपर्यंत बोलायचे. कप खाली ठेवला की टीव्ही लागायचा.

चहा बंद झाला आणि ती वीस मिनिटंही गेली.

बिनसाखरेचा चहा करून पाहिला. दोन घोट घेऊन म्हणाले, "काढा हाय ह्यो." साखरेऐवजी टाकायच्या गोळ्या आणल्या, म्हणाले, "जिभेला कळतं." तेव्हा मी ठरवलं की मुळात साखर लागतच नाही असा उत्तम काळा चहा शोधायचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे पहिली गोष्ट काय केली असेल ते ओळखा. एक्सेल शीट उघडली. प्रदेश, हंगाम, प्रत, किंमत, लोकांचे रिव्ह्यू. आणि लागोपाठ तीनदा नापास झाले.

कारण शीटमध्ये चहाबद्दल सगळं होतं, अप्पांच्या जिभेबद्दल एकही रकाना नव्हता. तो रकाना भरायला मला दोनशे वर्षं मागे जावं लागलं.

कोरा आणि काळा

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. आपण दूध न घातलेल्या चहाला "कोरा चहा" म्हणतो. "काळा चहा" ही वेगळी गोष्ट आहे; तो पानाचा प्रकार आहे. तुमच्या घरात उकळतो तो दुधाचा, आल्याचा, वेलचीचा चहाही मुळात काळाच असतो.

हिरवा, ऊलाँग आणि काळा हे तिन्ही चहा एकाच झाडाचे. कॅमेलिया सायनेन्सिस हे त्याचं नाव. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी होतं, तसंच चहाचं पान चुरगळलं की त्यातला रस हवेशी भिडतो आणि रंग-चव बदलत जाते. हिरव्या चहात पान लगेच तापवून ही क्रिया थांबवतात. काळ्या चहात ती जवळजवळ पूर्ण होऊ देतात: पान सुकवायचं, वळायचं, हवेत राहू द्यायचं, मग कडक उष्णतेनं वाळवायचं.

युरोपातल्या लोकांना बराच काळ वाटायचं की हिरवा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडं आहेत. चीनमध्ये जाऊन हा गैरसमज खोडून काढणाऱ्यांत रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञ होता. पुढे १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला पुन्हा चीनला पाठवलं, या वेळी चहाची रोपं, बिया आणि जाणकार कारागीर हिमालयातल्या मळ्यांसाठी आणायला. तो चिनी वेश घालून, काचेच्या बंद पेट्यांत रोपं भरून हे काम करत राहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीनं चीनचा सोर्स कोड पळवला.

हे सगळं मी अप्पांना फोनवर उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे कोराच प्यायचा ना शेवटी? का, घरात दूध न्हाई?"

या वाक्यात काय होतं ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

पहिला प्रयत्न: दार्जिलिंग

शीटनुसार सर्वांत वरचा चहा दार्जिलिंगचा, पहिल्या बहराचा. थंडीतली झोप संपून झाडाला मार्च-एप्रिलमध्ये फुटणारी पहिली कोवळी पालवी. पन्नास ग्रॅमची किंमत मी अप्पांना सांगितली नाही.

करायचा कसा? इंजिनिअरनं शोधलं तर स्टँडर्डच सापडलं. चहा कसा करावा याचं खरोखरच एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, झाकण, सहा मिनिटं. ते ज्या ब्रिटिश मानकावरून आलं त्याच्या सहा पानी मसुद्याला १९९९ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे गमतीचं नोबेल, मिळालं होतं.

मी मानक तंतोतंत पाळलं. चहा कडूजहर झाला.

नंतर कळलं की ते मानक चव लागावी म्हणून नाहीच. ते दोन चहांची तुलना करता यावी म्हणून आहे. लिलावाआधी चहा चाखणारे लोक चहाला मुद्दाम जास्त वेळ भिजवतात, म्हणजे त्यातले दोष उघडे पडतात. मी अप्पांना प्यायला दिला तो चहा नव्हता, ती टेस्ट केस होती.

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं निवू दिलं, पत्ती कमी घेतली, तीन मिनिटांत गाळला. फिकट सोनेरी रंग, फुलांसारखा वास. मला फार आवडला. अप्पांनी कप उजेडात धरला आणि म्हणाले, "गवताचं पाणी."

त्यांचं अगदी चूक नव्हतं. पहिल्या बहराचं पान इतकं जास्त सुकवतात की पुढची काळं होण्याची क्रिया अर्धवटच राहते. नावाला काळा, पण रंगानं आणि वासानं हिरव्याच्या जवळचा.

दार्जिलिंगला हा चहा आला तोच मुळी वेगळ्या जिभेसाठी. १८४१ साली तिथला ब्रिटिश अधिकारी डॉ. आर्किबाल्ड कॅम्पबेल यानं आपल्या बंगल्याच्या आवारात चिनी जातीच्या चहाचं बी लावलं. लहान पानाची ही जात थंडी सोसते, हळू वाढते. १८५०च्या दशकात तिथं व्यापारी मळे सुरू झाले. तयार होणारा चहा युरोपात जायचा. आजही जर्मनी आणि जपानमध्ये त्याचे मोठे चाहते आहेत. २००४ साली भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं तेही दार्जिलिंग चहालाच. पण कराडच्या स्टँडवर, पाटणच्या टपरीवर तो कधी पोचला नाही. अप्पांची आणि त्याची ओळखच नव्हती, आणि मी थेट लग्नाची बोलणी करायला निघाले होते.

दुसरा प्रयत्न: धूर

कडक आवडतो ना, मग कडकच देऊ, म्हणून पुढचा चहा मी एका मैत्रिणीकडून लंडनहून मागवला. लाप्सांग सूचाँग. चीनच्या फुजियान प्रांतात, वुयी डोंगरातल्या तोंगमू गावचा. काळ्या चहाचा हा सर्वांत जुना प्रकार मानतात. दंतकथा अशी की सतराव्या शतकात गावात सैन्य उतरलं, त्या गडबडीत खुडलेली पानं तशीच पडून राहिली आणि काळवंडली. फेकून देण्यापेक्षा म्हणून लोकांनी ती पाइनच्या लाकडाच्या धगीवर घाईघाईत वाळवली. तो धूर पानात बसला, आणि परदेशी व्यापाऱ्यांना आवडला.

डबा उघडताच स्वयंपाकघरात चुलीचा वास पसरला. मला वाटलं, हा जमणार. अप्पांचं बालपण चुलीपुढे गेलेलं.

अप्पांनी वास घेतला. "बंबाचं पाणी," म्हणाले. "आंघोळीला बरंय."

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. डबा अजून माझ्याकडे आहे. मी तो कधीमधी पिते. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा नीट प्रश्न पडला: अप्पांना चहा म्हणजे जे काही वाटतं, ते त्यांना कुणी शिकवलं?

जीभ कशी तयार झाली

आपल्याला वाटतं चहा भारतात पहिल्यापासून आहे. वास्तविक, चहाचे मळे भारतात उभे राहिल्यावरही कित्येक दशकं सामान्य भारतीय माणूस चहा पीत नव्हता. चहा पिकायचा इथे, प्यायचे तिकडे.

महाराष्ट्रात चहाची पहिली मोठी बातमी झाली ती भांडणाची. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. न्या. रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावभर गदारोळ झाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. दोष चहाचा नव्हता. तो कुणाच्या हातून आला याचा होता. आणि हा प्रश्न पुण्यातल्या त्या एका संध्याकाळपुरता राहिला नाही. पुढे चहा गावोगाव पोचल्यावर कितीतरी हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप बाहेर टांगलेले असत.

चहा गावोगाव पोचला तो आपोआप नाही, मोहीम काढून. १९०३ साली सरकारनं कायदा करून निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला. तो पैसा चहाच्या प्रचारासाठी होता. आधी प्रचार परदेशात झाला. मग पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कारखान्यांत, रेल्वे स्टेशनांवर चहाचे ठेले दिसू लागले. १९३०च्या दशकात जागतिक मंदी आली, भाव कोसळले, चहा गोदामांत पडून राहिला. आता गिऱ्हाईक शोधायचं ते घरातच. गाड्या भरून प्रचारक बाजारांत, मेळ्यांत फिरू लागले, फुकट कप वाटू लागले, चहा कसा करायचा याची प्रात्यक्षिकं देऊ लागले. स्टेशनांवर देशी भाषांतून पाट्या लागल्या. गांधीजी त्याच काळात चहातल्या टॅनिनविरुद्ध लिहीत होते. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला फुकटचा गरम कप. कोण जिंकलं ते आपल्याला माहीत आहे.

यात एक गंमत आहे. प्रचारक शिकवत होते ती इंग्रजी पद्धत: किटलीत पत्ती, वरून उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, दूध-साखर नंतर. लोकांनी ते पाहिलं आणि घरी येऊन पत्ती, पाणी, दूध, साखर, आलं सगळं एकत्र उकळलं. चहावाल्यांना हे मुळीच पसंत नव्हतं, कारण दूध जास्त पडलं की पत्ती कमी लागते. पण आपल्याकडच्या स्वयंपाकघरानं ऐकलं नाही. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पितळी पातेल्यात हाच उकळलेला चहा इतका रंगवला की त्याचं नाव अमृततुल्य पडलं.

मग आलं यंत्र. १९३०च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यानं सीटीसी यंत्र बनवलं. क्रश, टिअर, कर्ल: चिरडा, फाडा, वळवा. दातेरी रूळांची जोडी, एकमेकांच्या उलट दिशेनं आणि वेगवेगळ्या गतीनं फिरणारी. त्यातून पान गेलं की त्याचे बारीक गोळीदार दाणे होतात. दाणा बारीक, म्हणून रंग आणि कडकपणा मिनिटाभरात उतरतो आणि एका किलोत कितीतरी जास्त कप होतात. स्वातंत्र्यानंतर हे यंत्र झपाट्यानं पसरलं. आज भारतात तयार होणारा बहुतांश चहा सीटीसी आहे आणि त्यातला बराचसा आपणच पितो.

आता अप्पांचा कप पुन्हा पाहा. सीटीसी पावडर पाच मिनिटं खळखळ उकळली की टॅनिन भरपूर उतरतं; जीभ आवळली जाते. दुधातलं केसिन हे प्रथिन त्या टॅनिनला धरतं, म्हणून आवळलेपणा कमी होतो. उरलेला कडवटपणा साखर झाकते. म्हणजे पावडर, दूध आणि साखर ही तीन सुट्या आवडी नाहीत. ती एक सिस्टिम आहे, प्रत्येक भाग दुसऱ्याला तोलणारी. डॉक्टरांनी त्यातली एक डिपेंडन्सी काढून टाकली आणि सगळी बिल्ड कोसळली. अप्पा म्हणाले तो काढा खराच होता.

ही सिस्टिम अप्पांनी निवडलेली नव्हती. उपकर, मंदी, एक यंत्र आणि स्टँडवरच्या कँटीनवाल्याचा हिशोब यांनी मिळून ती त्यांच्या जिभेवर बसवली होती. आणि तरीही ती त्यांचीच होती. ३४ वर्षांची.

तिसरा प्रयत्न: माहितीतला माणूस

मग उत्तर सोपं झालं. अनोळखी चहा द्यायचाच नाही. ज्या झाडाची पावडर अप्पा आयुष्यभर प्यायले, त्याच झाडाचं न चिरडलेलं पान द्यायचं. आसाम.

आसामचं झाड चीनहून आलेलं नाही. वरच्या आसामात राहणारे सिंगफो लोक ते आधीपासून वापरत. पान भाजून, बांबूच्या नळीत ठासून ते आजही आपला चहा करतात. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्यानं सिंगफो सरदार बिसा गाम याच्याकडे हे झाड पाहिलं. तिथवर पोचण्याचा धागा त्याला मणिराम दत्त बरुआ या आसामी माणसानं दिला, असं सांगतात. १८३४ साली सरकारी चहा समितीनं हे झाड अस्सल आसामचंच असल्याचं मान्य केलं. तरी साहेबांचा विश्वास बसेना. जंगली झाडापेक्षा चिनी रोप बरं म्हणून चीनहून बी आणून लावलं. शेवटी टिकलं आणि फोफावलं ते इथलंच मोठ्या पानाचं झाड. १८३९च्या जानेवारीत लंडनमध्ये आसाम चहाचा पहिला लिलाव झाला. त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली आणि मणिराम तिचा दिवाण झाला. पुढे त्यानं नोकरी सोडून स्वतःचे मळे काढले, स्वतः चहा पिकवणाऱ्या पहिल्या भारतीयांत तो होता. १८५७च्या उठावात कटाचा आरोप ठेवून इंग्रजांनी २६ फेब्रुवारी १८५८ला जोरहाटला त्याला फाशी दिली.

हे मी अप्पांना या वेळी फोनवर नाही, समोर बसून सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आन पानं खुडायला कोण?"

मग तेही सांगितलं. छोटा नागपूर आणि आसपासच्या भागांतून करारावर आणलेले मजूर. काम सोडून जाणं हा गुन्हा ठरवणारे कायदे, पळालेल्याला पकडायचा अधिकार खुद्द मळेवाल्याला. १९२१ साली सुरमा खोऱ्यातल्या चारगोला भागातून हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले. चांदपूरला स्टेशनवर अडकले. रात्री गुरखा सैनिक घालून त्यांना तिथून हुसकावलं. त्यांच्यासाठी आसाम-बंगाल रेल्वेच्या आणि स्टीमरच्या कामगारांनी संप केला.

"रेल्वेवाल्यांनी? मळ्यातल्यांसाठी?" अप्पा पुढे सरकून बसले. त्यांनी आयुष्यात किती संप पाहिले त्याची गणती नाही. "पगार कापला आसंल त्यांचा."

इतिहास आवडण्यासाठी अप्पांना तारखा लागत नाहीत. कुणाचा पगार कापला हे लागतं.

पान, पाणी, चार मिनिटं

मी आणला होता तो आसामचा दुसऱ्या बहराचा ऑर्थोडॉक्स चहा. ऑर्थोडॉक्स म्हणजे सीटीसी यंत्रात न घालता जुन्या पद्धतीनं वळलेलं पान. दुसरा बहर म्हणजे मेच्या मध्यापासून जूनपर्यंतची खुडणी. आसामात हा हंगाम सर्वांत भारी मानतात. पुडी उघडली तर लांबट काळं पान आणि मध्ये सोनेरी टोकं. ती न उमललेल्या कोंबांची असतात. इंग्रजीत या चहाच्या चवीला माल्टी म्हणतात. मला तो शब्द कळला नव्हता, आईनं वास घेऊन सांगितलं: "नाचणीच्या सत्त्वासारखा येतोय की." मोड आणून, वाळवून केलेल्या धान्याचा वास. माल्ट म्हणजे तेच.

दोनशे मिलिलिटर खळखळतं पाणी, अडीच ग्रॅम पान, वर ताटली. चार मिनिटं. पान पाण्यात उकळलं नाही. गाळल्यावर तांबूस, गडद, स्टँडवरच्या चहाला दूध पडण्याआधी असतो तसा रंग.

अप्पांनी बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले. परत ओतला.

"साखर टाकली का गं?"

"नाही."

"थोडी टाकलीस."

"अप्पा, खरंच नाही."

पान चिरडलेलं नसलं, उकळलेलं नसलं की कडवटपणा कमीच उतरतो, त्यामुळे झाकायला साखर लागत नाही. हे मी त्यांना सांगणार होते, पण ते दुसरंच बोलू लागले.

अप्पांचा जन्म माणचा. बहात्तरच्या दुष्काळात ते नऊ वर्षांचे होते. दावणीची जनावरं गेली, दूध गेलं. माझी आजी खडी फोडायच्या कामावर जायची. सकाळी पोरांना कोरा चहा. गूळ असला तर गुळाचा, नसला तर तसाच. "शेजारचं पोरगं विचारायचं, तुमच्यात कोराच का? मी म्हणायचो, आमाला आवडतो." एसटीत पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं होतं: दूध जास्त, साखर जास्त.

इतकी वर्षं मला वाटत होतं ती आवड होती. फोनवरचं ते वाक्य, "का, घरात दूध न्हाई?", तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

त्या दिवशी टीव्ही सहा वाजता लागला.

तुमच्या माणसासाठी

हे वाचून कुणासाठी चहा घ्यावासा वाटला तर माझ्या नापास होण्यातून थोडं देते.

आधी त्या माणसाचा सध्याचा कप पाहा. कडक, दुधाळ, आल्याचा पिणारे असतील तर आसामच्या दुसऱ्या बहरापासून सुरुवात करा. त्यात घोटभर दूध चालतं, पहिल्याच दिवशी शुद्धतेचा हट्ट नको. लिंबू घालून पिणारे असतील तर निलगिरीचा चहा पाहा. हलका, सुगंधी, लिंबाशी जमणारा. फळं, फुलांचे वास आवडणाऱ्याला दार्जिलिंगचा दुसरा बहर द्या. त्या हंगामात तुडतुडे पानं चोखतात, झाड स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून पिकल्या द्राक्षासारखा वास येतो. पहिला बहर शेवटी. धुराचा चहा विचारून.

पुडीवर मळ्याचं किंवा प्रदेशाचं नाव, हंगाम आणि वर्ष आहे का पाहा. एफटीजीएफओपीसारख्या लांबलचक अक्षरांना भुलू नका. ती पान किती अख्खं आणि त्यात कोंब किती एवढंच सांगतात, तुमच्या माणसाला आवडेल का ते सांगत नाहीत. चहाच्या व्यवसायात त्या अक्षरांचा जुना विनोदी अर्थ सांगतात, "फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल". पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. आणि विचारा, तो माणूस लहानपणी काय प्यायचा. मी हे सर्वांत शेवटी विचारलं, तेही न विचारता कळलं.

अप्पा आता दिवसाला दोनच कप पितात, स्वतः करून. मी वजनकाटा आणि टायमर दिला होता. तो कपाटात आहे. "रंग बघायचा," म्हणतात.

गेल्या सोमवारी मला पहाटेच्या गाडीनं पुण्याला यायचं होतं. चार वाजता टेबलावर कप ठेवल्याचा आवाज आला. दूध फ्रीजमध्ये होतं. कप कोरा होता.